मुरुम भागांतील जुनीं बोलणीं व तीं टिपण्याची रीत

१

जुन्या कागदांचे शोधक गांवोगांव हिंडतात, वाड्यांतील माळे व कोनाडे धुंडाळतात, दफ्तराचे रुमाल सोडतात आणि वाळवीनें खाल्लेलें अर्धें पानही टाकून देत नाहींत. परंतु ज्या ओसरीवर बसून हे रुमाल सोडावयाचे, त्याच ओसरीच्या दुसऱ्या टोकास घरची वृद्ध स्त्री सुनेशीं व नातवंडांशीं काय बोलते, इकडे आपल्यापैकीं फारच थोड्यांचा कान असतो. वास्तविक तिच्या तोंडचा एखादा शब्द त्या रुमालांतील सर्वांत जुन्या कागदाहूनही जुना असूं शकतो. कागदास निदान कोणी तरी वारस असतो. बोलण्यास, बोलणाऱ्याच्या मागें, बहुधा कोणीच नसतो.

प्रस्तुत लेखांत धाराशिव जिल्ह्याच्या उमरगा तालुक्यांतील मुरुम गांव व त्याचा आसमंत यांत चालत आलेलीं कांहीं जुनीं बोलणीं घेऊन त्यांचें मूळ कसें लावतां येतें, हें दाखविण्याचें योजिलें आहे. ‘बोलणीं’ या शब्दांत म्हणी, वाक्प्रचार, सणावारीं द्यावयाच्या हाका, तसेंच नाण्यांचीं, सालांचीं व वस्तूंचीं नांवें या सर्वांचा समावेश केला आहे. निष्कर्ष आरंभींच सांगून ठेवतों. बोलणें हा एक दस्तऐवज आहे. दस्तऐवजांतील अशुद्ध अक्षर आपण सुधारून छापीत नाहीं. तोच नियम बोलण्यासही लाविला पाहिजे. कारण ज्यास आपण अपभ्रंश समजतों, त्यांतच पुष्कळदां मुळाची खूण शिल्लक राहिलेली असते.

२

मुरुम हें गांव मराठी व कानडी या दोन भाषांच्या शिवेवर वसलें आहे. कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी, म्हणजे आजचें बसवकल्याण, शेजारच्या बीदर जिल्ह्यांत. आळंद दक्षिणेस कलबुर्गी जिल्ह्यांत. पश्चिमेस नळदुर्गाचा किल्ला. हा सर्व मुलूख १९४८ च्या सप्टेंबर महिन्यापर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. १९५६ सालीं भाषावार प्रांतरचना झाली, तेव्हां उमरगा मुंबई राज्यांत आला व आळंद म्हैसूर राज्यांत गेला. १९६० पासून उमरगा महाराष्ट्रांत आहे. जिल्ह्याचें ठाणें पूर्वीं नळदुर्ग येथें होतें, तें पुढें धाराशिव येथें आलें. धाराशिवाचें उस्मानाबाद झालें, आणि २०२३ सालीं पुन्हां धाराशिव हेंच नांव कायम झालें.

राज्यांच्या सीमा अशा हालल्या, पण बोलण्याची सीमा कोणत्याही एका रेघेवर नव्हती व आजही नाहीं. येथील अनेक घरांत दोन्ही भाषा चालतात. उमरगा तालुक्यांतून पुढें कलबुर्गी जिल्ह्यांत जाणाऱ्या नदीस मराठी लोक ‘बेनीतुरा’ म्हणतात. कानडींत तिचें नांव ‘बेण्णेतोरे’, म्हणजे लोण्याचा ओढा. मराठी बोलणाऱ्यास ‘बेनीतुरा’ हें केवळ नांव आहे. त्याचा अर्थ नदीच्या खालच्या अंगास राहणाऱ्या शेजाऱ्यापाशीं आहे. पुढें जीं उदाहरणें द्यावयाचीं आहेत, त्यांपैकीं कित्येकांची स्थिति या नदीच्या नांवासारखीच आहे.

या भागाच्या बोलीची उपेक्षा होण्यास एक विशेष कारण झालें. ग्रीअर्सन साहेबांच्या देखरेखीखालीं हिंदुस्थानची जी भाषापाहणी झाली, तिचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ सालीं प्रसिद्ध झाला. बायबलांतील उधळ्या पुत्राचा दृष्टांत ठिकठिकाणच्या बोलींत उतरवून घेऊन त्या पाहणींत नमुने जमविले गेले. परंतु मद्रास इलाखा आणि हैदराबाद व म्हैसूर हीं संस्थानें पाहणीच्या कक्षेबाहेर राहिलीं. कोंकणांतील व वऱ्हाडांतील बोलींचे नमुने त्या खंडांत सांपडतात. निजामाच्या मुलखांतील मराठी मात्र त्या रीतीनें गांवोगांव टिपली गेली नाहीं. संस्थानच्या दफ्तरांतही, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फारसीची जागा उर्दूनें घेतल्यावर, रयतेच्या बोलण्यास स्थान राहिलें नाहीं. ज्या पिढीनें ती बोली अगदीं निर्वेधपणें बोलली, तिचें बोलणें अशा रीतीनें कोणीच लिहून ठेविलें नाहीं. अलीकडे डेक्कन कॉलेज व राज्य मराठी विकास संस्था यांनीं जिल्ह्याजिल्ह्यांतून बोलींचें ध्वनिमुद्रण करून ही उणीव कांहीं अंशीं भरून काढिली आहे; तथापि शंभर वर्षांपूर्वींचें जें राहून गेलें, त्याचा माग आतां उरलेल्या बोलण्यांवरूनच काढावा लागतो.

३

पहिलें उदाहरण सणाच्या नांवाचें घेऊं. मार्गशीर्ष अमावास्येस धाराशिव, लातूर व त्यांस लागून असलेल्या भागांत शेतकरी सहकुटुंब शेतांत जातो. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारून तींत पांच दगड पांडव म्हणून मांडतात व त्यांची पूजा करितात. ज्वारीच्या पिठाची ताक घालून केलेली आंबील, हिरवे दाणे व भाज्या एकत्र शिजवून केलेली भज्जी, सजगुऱ्याचे उंडे, तिळाच्या पोळ्या आणि गव्हाची खीर हा त्या दिवसाचा स्वयंपाक. इष्टमित्रांस बोलावून शेतांतच पंगती बसतात. या सणास बोलण्यांत ‘येळवस’ म्हणतात. लिहितांना मात्र ‘वेळ अमावास्या’ किंवा ‘दर्श वेळा अमावास्या’ असें लिहिलें जातें.

‘वेळ’ हा शब्द येथें कसा आला? या बोलींत शब्दारंभींच्या ‘वे’ चा ‘ये’ होतो. ‘वेळ’ चें ‘येळ’, ‘वेस’ चें ‘येस’. तेव्हां शिकलेल्या मनुष्यानें ‘येळवस’ ऐकलें आणि हें ‘वेळ’ शब्दाचें खेडवळ रूप आहे असें समजून तें सुधारलें, हें उघड दिसतें. पण सुधारणा केल्यानें अर्थ लागला नाहीं. कोणती वेळ, व ती या एकाच अमावास्येस कां, या प्रश्नाला ‘वेळ अमावास्या’ हें नांव उत्तर देत नाहीं.

उत्तर शिवेपलीकडे मिळतें. उत्तर कर्नाटकांत याच तिथीस याच थाटाचा सण होतो आणि त्याचें नांव ‘एळ्ळ अमावास्ये’ असें आहे. कानडींत ‘एळ्ळु’ म्हणजे तीळ. तिळाच्या पक्वान्नाची ही अमावास्या होय. कानडींत सातास ‘एळु’ म्हणतात, यावरून ज्येष्ठापासून सातवी अमावास्या असाही अर्थ कोणी लावील, कारण ज्येष्ठापासून मोजल्यास मार्गशीर्षाची अमावास्या सातवी येते खरी. परंतु सातवाचक शब्दांतील ‘ए’ दीर्घ असून त्यांतील ‘ळ’ एकेरी आहे. सणाच्या नांवांत ‘ए’ ऱ्हस्व व ‘ळ’ दुहेरी आहे. शिवाय ताटांतील तिळाची पोळी साक्षीस आहेच. म्हणून ‘तिळाची अमावास्या’ हाच अर्थ ग्राह्य दिसतो. शिवाराच्या तोंडचें ‘येळवस’ हें रूप मुळाला जवळचें आहे, आणि पांढरपेशा लेखणीनें केलेलें ‘वेळ’ हें रूप मुळापासून दूर गेलेलें आहे.

याच ताटांतील ‘सजगुरा’ हा शब्दही पाहण्यासारखा आहे. पुणेरी मराठींत ज्या धान्यास बाजरी म्हणतात, त्यास या भागांत सजगुरा म्हणतात. कानडींत त्याचेंच नांव ‘सज्जे’. गव्हाच्या खिरीस शिवेवरील कांहीं घरांत ‘हुग्गी’ म्हणतात, तोही शब्द कानडीच. धान्य, पक्वान्न व सण या तिन्हींचीं नांवें एकाच दिशेकडे बोट दाखवितात, तेव्हां तो योगायोग मानणें कठीण आहे.

४

याच सणांत दिली जाणारी हाक त्याहूनही विचार करण्यासारखी आहे. पूजा झाल्यावर आंबील व अन्न घेऊन पिकांतून शिंपडीत जावयाचें व मोठ्यानें म्हणावयाचें, ‘ओलगे ओलगे सालम पोलगे’. कोठें ‘व्हलगे व्हलगे’, कोठें ‘होलगे होलगे’, कोठें ‘सालन पलगे’ असेही पाठ ऐकूं येतात. हाक देणाऱ्यास तिचा अर्थ विचारल्यास तो हसून म्हणतो कीं असेंच म्हणावयाचें असतें.

मराठीच्या आधारें अर्थ लावूं गेल्यास दोन मोहांत पडण्याचा संभव आहे. ‘ओलगे’ म्हणजे कानडी ‘होळिगे’, पुरणाची पोळी, असा तर्क सहज सुचतो. ‘सालन’ म्हणजे दखनी उर्दूंतील कालवण, हाही तर्क तसाच सुलभ. किंबहुना त्या तर्कानेंच कांहीं तोंडीं ‘सालम’ चें ‘सालन’ झालें असावें. परंतु हाक जेव्हां देतात, तेव्हां हातांत पोळी नसते आणि कालवणही नसतें, आंबील असते.

आतां कानडी बाजूची हाक पहावी. तेथें अन्न शिंपडण्याच्या या विधीस ‘चरग चेल्लुवुदु’ म्हणतात. ‘चेल्लु’ म्हणजे सांडणें, विखुरणें. मराठी बाजूस ‘चर शिंपणें’ असा प्रयोग आहे, तो याचाच जोडीदार असून दोहोंतील पहिलें पद संस्कृत ‘चरु’ या हविर्वाचक शब्दाशीं जुळतें. विधि करितांना तिकडील शेतकरी ‘हुल्लुल्लिगो, चल्लंबरिगो’ अशी आरोळी देतात. तिचे ‘हुलिगो, सलांबरिगो’ असेही पाठ आहेत. ‘सालम पोलगे’ व ‘सलांबरिगो’ हे दोन पाठ एकाखालीं एक लिहून पहावे. स, ल, म हीं व्यंजनें दोहोंत त्याच क्रमानें आहेत. पुढें एकीकडे ‘ब’ तर दुसरीकडे ‘प’, एकीकडे ‘र’ तर दुसरीकडे ‘ल’, आणि शेवटीं दोहोंत ‘ग’. ब व प, तसेंच र व ल, यांची अदलाबदल बोलींत नित्य होते. पहिल्या अर्धांतही ‘हुलिगो’ व ‘होलगे’ यांचें नातें उघड असून, आरंभींचा ‘ह’ गळून ‘ओलगे’ झालें आहे. म्हणून हाक एकच आहे व ती कानडीकडून मराठींत आलेली आहे, असें रूपांवरून अनुमान होतें. कानडी शेतकरीही तिचा अर्थ एकसारखा सांगत नाहींत, यावरून ती त्या भाषेंतही बरीच जुनी असली पाहिजे.

येथें एक गोष्ट विशेष ध्यानांत घ्यावी. ‘व्हलगे’, ‘होलगे’, ‘ओलगे’ हे तीन पाठ कोणी एकत्र न टिपतां त्यांतील एकच ‘बरोबर’ म्हणून छापला असता, तर ‘हुलिगो’ शीं असलेलें नातें जुळविणें कठीण झालें असतें. पोथीच्या संपादकास पाठभेदांचें मोल सांगावयास नको. तेंच मोल या हाकेच्या पाठभेदांस आहे.

बोलींतील क्रियापदांचीही अशीच गोष्ट आहे. ‘मी करीत आहें’ याबद्दल या बाजूस ‘करलालो’, ‘करायलो’ अशीं रूपें ऐकूं येतात व परका मनुष्य त्यांस हंसतो. परंतु ‘करूं लागलों’ किंवा ‘करायला लागलों’ या दोन शब्दांचा संकोच होत होत हीं रूपें झालेलीं दिसतात. बोलणाऱ्यानें कांहीं बिघडविलेलें नाहीं. दोन पदांचें एक पद करून त्यास चालू क्रियेचा अर्थ दिला आहे. भाषा आपलीं नवीं रूपें घडविते ती याच रीतीनें.

५

दुसरा वर्ग राज्यकारभारानें दिलेल्या बोलण्यांचा. अंदाधुंदीस उद्देशून ‘ही काय मोगलाई लागली आहे?’ असें मराठींत सर्वत्र म्हणतात. पण ‘मोगलाई’ या शब्दाचा एक अगदीं साधा भौगोलिक अर्थ होता. पुणें, नगर, सोलापूर या इंग्रजी अमलाखालील जिल्ह्यांतील लोक निजामाच्या मुलखास मोगलाई म्हणत. म्हणजे हा वाक्प्रचार शिवेच्या पश्चिमेस उभें राहून पूर्वेकडे पाहणाऱ्याचा आहे. मुरुमचा मनुष्य त्या काळीं स्वतः मोगलाईतच राहत होता. तेव्हां एखाद्या जुन्या पत्रांत ‘मोगलाईंत गेला’ असें आढळल्यास तो टोमणा आहे कीं केवळ पत्ता आहे, हें लिहिणारा कोणत्या बाजूचा होता यावरून ठरवावें लागेल. या सीमेचा इतिहासही गुंतागुंतीचा आहे. १८५३ च्या तहानें नळदुर्ग जिल्हा इंग्रजांकडे गेला व १८६० सालीं तो निजामास परत मिळाला. मधल्या काळांत मेडोज टेलर यानें तेथील कारभार पाहिला व त्याची हकीकत आपल्या आत्मचरित्रांत लिहून ठेविली आहे. त्या सात वर्षांपुरता ‘मोगलाई’ हा शब्द या मुलखास कागदोपत्रीं लागूच पडत नव्हता.

नाण्यांच्या बाबतींत ‘हाली’ व ‘कलदार’ ही जोडी प्रसिद्ध आहे. निजामाच्या टांकसाळीचा रुपया तो हाली, इंग्रज सरकारचा तो कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार असा ठोकळ भाव असे. ही नाणीं १९५० नंतरच्या दशकांत चलनांतून गेलीं. पण ‘कलदार’ हा शब्द खणखणीत रोख पैशाच्या अर्थानें मागें राहिला. ‘हाली’ म्हणजे चालू, आणि आपला ‘हल्ली’ हा शब्दही त्याच अरबी मुळाचा. मोडी लिपींत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद राखीत नाहींत; त्यामुळें एखाद्या खतांत रकमेपुढें आलेलें ‘हाली’ हें पद ‘हल्लीं’ असें वाचलें जाण्याचा धोका आहे. तसें वाचल्यास वाक्य लागतें, पण रक्कम चुकते: सातशें हाली म्हणजे सहाशें कलदार, हा शंभर रुपयांचा फरक डोळ्याआड होतो.

सालांच्या बाबतींतही तेंच. हैदराबादचें फसली वर्ष आजूर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या आरंभापासून चाले, व त्याचे महिने आजूर, दै, बहमन असे इराणी नांवांचे असत. देशावरील फसली साल मात्र मृगापासून धरीत. आजूरच्या सालांत ५९० मिळविले असतां त्याच्या आरंभींचें इसवी साल येतें. १३५७ फसली हें १९४७ च्या ऑक्टोबरांत लागलें. एकाच फसली आंकड्याचे दोन कागद, एक सोलापूरकडील व दुसरा मुरुमकडील, समोर आल्यास दोहोंच्या वर्षारंभांत चार महिन्यांचें अंतर आहे हें विसरतां कामा नये. या भागांतील वृद्ध लोक पुढील काळांतील घटनांचें साल सांगतांना आंकडा न देतां ‘पोलीस ॲक्शनच्या आधीं’ किंवा ‘नंतर’ असें सांगत आले आहेत. तो १९४८ चा सप्टेंबर होय. जन्ममृत्यूंच्या तारखा लावतांना ही खूण फार उपयोगीं पडते.

६

तिसरा वर्ग शेतीभातीच्या म्हणींचा. ‘पडतील चित्रा तर भात खाईना कुत्रा’ ही म्हण महाराष्ट्रभर चालते. चित्रा नक्षत्रांत पाऊस पडल्यास पीक इतकें येईल कीं कुत्रेंही भातास तोंड लावणार नाहीं, असा तिचा भाव. मुरुमची काळी जमीन मात्र ज्वारीची व तुरीची. तेथें भात हें शेताचें मुख्य पीक नव्हे. तेव्हां म्हणींतील धान्य हाच तिच्या माहेराचा पत्ता समजावा. ती भातखाचरांच्या मुलखांत उपजली व यमकाच्या जोरावर ज्वारीच्या मुलखांत येऊन नांदली. उलट ‘पडेल हत्ती तर पडतील भिंती’ ही म्हण पहावी. हत्ती म्हणजे हस्त नक्षत्र. रब्बीच्या ज्वारीस ज्या पावसाची ओल हवी, तोच पाऊस अति झाला तर मातीचीं घरें खचतात. धान्याच्या पेरणीचा काळ व घराच्या भिंतीची माती या दोहोंचा मेळ या मुलखाशीं पुरा बसतो. म्हणींचा संग्रह करणारानें पीक, जनावर, अवजार व घर या चार गोष्टी म्हणींत कोणत्या आहेत व त्या गांवांत आहेत कीं नाहींत, एवढें जरी ताडून पाहिलें तरी स्थानिक कोणती व पाहुणी कोणती हें पुष्कळ अंशीं कळून येतें.

वस्तु गेली तरी शब्द मागें राहतो, त्याचें उदाहरण ‘पेव फुटणें’. एखाद्या गोष्टीचा एकदम सुकाळ झाला कीं पेव फुटलें असें शहरांतील मनुष्यही म्हणतो. पेव म्हणजे जमिनींत खोल खणलेलें धान्याचें कोठार. त्याचें तोंड उघडल्यावर आंतील कोंडलेली विषारी हवा निघून जाईपर्यंत कोणी आंत उतरत नसे. घराच्या भिंतीलगत बांधलेलें बळद हें त्याचें वरचें भावंड. पेव बुजलीं, बळदें मोडलीं. ‘पेव फुटणें’ मात्र वर्तमानपत्रांत रोज छापून येतें, आणि ‘बळद’ हा शब्द ज्यास वाक्प्रचाराचा आश्रय मिळाला नाहीं, तो विसरत चालला आहे.

घराविषयींच्या शब्दांवर तर या भागांत एकदम घाला आला. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर जिल्ह्यांतील किल्लारी व तेव्हांच्या उमरगा तालुक्यांतील सास्तूर या बाजूचीं गांवें जमीनदोस्त झालीं व सुमारें दहा हजार माणसें मृत्यु पावलीं. दगडमातीच्या रुंद भिंती आणि त्यांवर मातीचें जड माळवद, अशी तेथील घरांची जुनी बांधणी. त्या भाराखालींच बहुतेक माणसें सांपडलीं. पुढें गांवें नव्या जागीं, नव्या रीतीनें वसविण्यांत आलीं, व तें योग्यच झालें. परंतु ज्या घरांत माळवद नाहीं, बळद नाहीं, देवळी नाहीं, त्या घरांत वाढलेल्या मुलांस हे शब्द कोण शिकविणार? जुन्या गांवठाणांबरोबर या शब्दांचें घरही गेलें.

माळवदावर घालावयाची पांढरी माती गांवच्या जुन्या टेकाडांतून आणीत. ‘पांढरी’ म्हणजे वस्तीची जागा, ‘काळी’ म्हणजे शेताची जमीन. जुन्या महजरांतून व वतनपत्रांतून ‘काळी-पांढरी’ ही जोडी येते, ती याच अर्थानें. याच जिल्ह्यांतील तेर येथें रामलिंगप्पा लामतुरे यांनीं अशाच पांढरीच्या टेकाडांतून निघालेल्या प्राचीन वस्तू मोठ्या चिकाटीनें जमविल्या, आणि त्यांच्या नांवाचें संग्रहालय तेथें उभें आहे. ज्या शब्दाचा अर्थ खेड्यांतील गवंड्यास ठाऊक आहे, तोच शब्द महजराचा अर्थ लावतांना व उत्खननाची जागा शोधतांना उपयोगीं पडतो, याहून संग्राहकास दुसरें प्रमाण काय पाहिजे?

७

बोलण्यांचा संग्रह आपल्याकडे झालाच नाहीं असें नाहीं. मॅनवेरिंग या मिशनऱ्याचा मराठी म्हणींचा संग्रह १८९९ सालीं ऑक्सफर्ड येथें छापला गेला. यशवंत रामकृष्ण दाते व चिंतामण गणेश कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे विभाग १९३२ ते १९३८ या काळांत निघाले, व त्यानंतर त्यांचाच वाक्संप्रदाय कोश १९४२ व १९४७ मध्यें दोन भागांत निघाला. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गांवगाडा’ (१९१५) हाही खेड्यांतील शब्दांचा मोठा सांठा आहे. यांपैकीं शब्दकोशानें राजापुरी, गोमंतकी, वऱ्हाडी इत्यादि खुणा शब्दांपुढें घातल्या, हा पायंडा फार मोलाचा पडला. म्हणींच्या संग्रहांत मात्र वर्गवारी बहुधा विषयांची असते. म्हण कोठली, हें त्यांत क्वचितच कळतें.

स्थळाची खूण घातल्यानें काय साधतें, हें इंग्लंडच्या उत्तर भागाच्या उदाहरणावरून दिसेल. इंग्लंडांत १८७३ सालीं बोलींसाठीं एक मंडळ स्थापन झालें. त्यानें जमविलेल्या सामग्रीच्या आधारें जोसेफ राइट यानें १८९८ ते १९०५ या काळांत सहा खंडांचा बोलीकोश प्रसिद्ध केला व शब्द कोणत्या परगण्यांत चालतो याची नोंद शब्दागणिक दिली. हा राइट यॉर्कशरच्या एका गरीब घरचा. लहानपणीं गिरणींत मजुरी केली, पंधराव्या वर्षापर्यंत त्यास लिहितांवाचतां येत नव्हतें, आणि पुढें तो ऑक्सफर्ड येथें भाषाशास्त्राचा अध्यापक झाला. त्याच्या मुलखांत ओढ्यास ‘बेक’ व खेळण्यास ‘लेक’ म्हणतात. लंडनकडील लोकांस हे शब्द गांवढळ वाटत. पण ते नवव्या शतकांत तेथें वसाहत करून राहिलेल्या डेन लोकांच्या भाषेचे अवशेष आहेत. राज्य गेल्यावर हजार वर्षांनींही त्या लोकांच्या वस्तीचा नकाशा या शब्दांवरून काढतां येतो. मुरुमच्या ‘सजगुरा’ व ‘येळवस’ या शब्दांची योग्यता याच जातीची आहे. मराठी-कानडींची सरमिसळ केव्हां, कोठपर्यंत व कोणत्या धंद्यांतून झाली, याचा नकाशा गांवागांवांतील अशा शब्दांवरूनच निघेल. ताम्रपटांवरून फार तर राजांच्या हद्दी कळतील.

८

आतां टिपण्याच्या रीतीविषयीं थोडें सांगून लेख पुरा करितों. प्रत्येक बोलण्यास एक स्वतंत्र पत्रक करावें. त्यावर पहिल्यानें बोलणें जसें कानीं पडलें तसेंच, ऱ्हस्वदीर्घासह व एकेरी-दुहेरी अक्षरासह लिहावें. प्रमाण रूप द्यावयाचें तें खालीं, निराळ्या ओळींत द्यावें. नंतर गांव व तालुका. बोलणाऱ्याचें अदमासें वय, धंदा व घरांत चालणाऱ्या भाषा. बोलणें कोणत्या प्रसंगीं निघालें. आणि त्याचा अर्थ बोलणाऱ्यानें स्वतः काय सांगितला. त्यानें अर्थ सांगितला नाहीं तर तीही नोंद करावी. आपला तर्क त्याच्या तोंडीं घालूं नये. त्याखालीं शेजारच्या कानडी, तेलुगु वा दखनी बोलण्यांत तसें कांहीं आहे काय, हें विचारून लिहावें. अखेरीस, त्या बोलण्यांतील वस्तु आज गांवांत आहे कीं नाहीं, हें लिहावें.

‘येळवस’ चें पत्रक या रीतीनें भरल्यास असें होईल: रूप येळवस, प्रमाण लेखन वेळ अमावास्या, प्रसंग मार्गशीर्ष अमावास्या, शेतांतील पूजा, शेजारभाषा कानडी, एळ्ळ अमावास्ये, संबद्ध शब्द कोप, आंबील, भज्जी, उंडे, सजगुरा, चर शिंपणें, हाक व तिचे पाठभेद, प्रत्येकापुढें गांवाचें नांव. शंभर गांवांचीं अशीं पत्रकें एकत्र झालीं, तर ‘ओलगे’ कोठें संपतें व ‘हुलिगो’ कोठें सुरू होतें, ही सीमा नकाशावर आंखतां येईल. ती १९५६ च्या सीमेशीं जुळणार नाहीं असें वाटतें; आणि न जुळेल तेथेंच इतिहासकाराचें काम आहे.

हें काम करण्यास मोठें द्रव्य लागत नाहीं. आज खेड्यांतील प्रत्येक घरांत ध्वनि मुद्रित करणारें यंत्र दूरध्वनीच्या रूपानें आहेच. घाई मात्र आहे. माळवदाच्या घरांत नांदलेल्या, हालीचा रुपया हाताळलेल्या व आजूर-बहमन हे महिने तोंडपाठ असलेल्या पिढींतलीं फारच थोडीं माणसें आतां उरलीं आहेत. या भागांत कागदांसाठीं फिरणाऱ्या संग्राहकांनीं आपल्या दौऱ्याचा काळ शक्य तर मार्गशीर्ष अमावास्येच्या सुमारास ठेवावा. त्या दिवशीं गांवांत कोणी भेटणार नाहीं. सर्व गांव शेतांत असतो, आणि शेतांत जो येईल त्यास पंगतींत बसवून घेण्याची तेथील रीत आहे. जेवण झाल्यावर घरच्या वडील माणसास हाक पुन्हां एकदां म्हणावयास सांगावें व ती, जशी ऐकूं येईल तशी, एकही अक्षर न सुधारतां लिहून घ्यावी.